नवरा आणि पाऊस

नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद मागायची कुणाकडे? ही आपल्याकडची जुनी म्हण. ऐकणारा हसतो, सांगणारी सुस्कारा टाकते आणि विषय तिथेच संपतो. म्हणींचे कामच मुळी विषय संपविण्याचे. कित्येक पिढ्यांचा अनुभव त्या दहा शब्दांत बांधून आपल्या हाती देतात, आणि मग त्या बाबतीत निराळा विचार करण्याची गरज कुणाला भासत नाही. पण ही एक म्हण जरा थांबून ऐकावी. तिने नवऱ्याला दोष दिलेला नाही, तशी त्याची तरफदारीही केलेली नाही. तिने त्याला नुसते पावसाच्या शेजारी नेऊन बसविले आहे. सारी गोम त्या बसविण्यात आहे. पावसावर फिर्याद करता येत नाही. पावसाला लाज वाटत नाही. पाऊस आला की माणसाने आडोसा शोधावा, पागोळ्या थांबेपर्यंत वाट पाहावी आणि ओले लुगडे पिळून कामाला लागावे. नवऱ्याचा हात असा एकदा आभाळात नेऊन ठेवला, की खाली उरते ती भिजणारी बाई आणि तिची सोसण्याची ताकद.

नाटक, सिनेमा, गाणी, मालिका, फोनवर दिसणारी छोटी चित्रे अशा लोकांच्या आवडीच्या गोष्टींतून बायकांवर होणाऱ्या अत्याचारांविषयी समाजाला जागे करावे, असे अलीकडे पुष्कळजण म्हणतात. म्हणणे रास्त आहे. व्याख्यानाला पन्नास माणसे येतात आणि त्यांतली वीस पेंगतात. नाटकाला पाचशे येतात आणि टक्क जागी असतात. तेव्हा औषध गुळातून द्यावे ही आजीबाईची युक्ती इथेही चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नवऱ्याला पावसाशेजारी बसविणारी ती म्हण, ती देखील लोकांच्या आवडीचीच वस्तू आहे! ज्या वाटीतून औषध पाजायचे, त्याच वाटीतून आजवर आपल्याला गुंगीही पाजली गेली आहे. मग कोणते गाणे, कोणते नाटक माणसाला जागे करते आणि कोणते त्याला थोपटून निजविते, हे ओळखावे कसे? वरवर पाहता हा प्रश्न कलेचा आहे. मला तो नीतीचा वाटतो.

आपल्या लोककलेत या दुःखाची नोंद प्रथम बायकांनीच केली, आणि ती जात्यावर बसून केली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी ग्रामीण महाराष्ट्रात हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठोबा आहे, राम-सीता आहेत, माहेरची वाट आहे, भाऊ आहे. तसाच सासुरवास आहे आणि मारही आहे. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीबरोबर ही गाऱ्हाणी घरभर ऐकू जात. भिंती कुडाच्या, घर दोन खणांचे. न ऐकू जाऊन करतील काय? पण ज्याच्याविषयी ती ओवी असे, तो घोंगडी ओढून स्वस्थ पडलेला असे, आणि त्या सुरावर त्याला साखरझोप लागत असे. गाऱ्हाण्याला चाल लागली की त्याचे गाणे होते. गाणे गोड असते. आणि गोड लागलेल्या गोष्टीची चौकशी करावी असे कुणाला वाटत नाही. लोककलेची सारी ताकद आणि सारा धोका त्या एका पहाटेत सामावलेला आहे.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून पुरुषजातीला रोखठोक जाब विचारला. त्या रागाच्या भरात त्यांनी आपल्या काळच्या कथा-नाटके लिहिणारांनाही सोडले नाही. जगातले सारे दुर्गुण बाईच्याच पदरात घालणारे हे लेखक स्वतःच्या जातीकडे कधी पाहणार, असा त्यांचा रोख होता. म्हणजे लोकरंजनाच्या साहित्याने बाईचे काय केले, हा प्रश्न मराठीत एका बाईने विचारला त्याला आता एकशेचाळीस वर्षे उलटून गेली. आपण तो नव्याने सापडल्यासारखा मिरवू नये.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर सतरा वर्षांनी, १८९९ साली, देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले. त्या नाटकाचे यश कशात होते? पोरवयाच्या मुलीचे लग्न थेरड्याशी लावतात हे काही प्रेक्षकांना नवे नव्हते. ते गल्लोगल्ली चालले होते. पण आजवर ते ‘नशीब’ या नावाखाली चालले होते. देवलांनी त्या नशिबाला माणसांची तोंडे दिली. मुलीचे पैसे घेणारा कांचनभट बाप, दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, बोहल्यावर चढायला उतावळा झालेला भुजंगनाथ. प्रेक्षक घरी जाताना आपल्या आळीतला भद्रेश्वर कोण हे बोट दाखवून सांगू शकत होता. पाऊस एवढ्यापुरता आभाळातून खाली उतरला आणि त्याला नावगाव मिळाले. मुलींचे लग्नाचे वय किमान चौदा ठरविणारा कायदा व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून ‘सारडा कायदा’ म्हटला गेला आणि मराठी माणसांच्या तोंडी त्याचा सहजच ‘शारदा कायदा’ झाला. हा नुसता नावाचा योगायोग. पण नाटकाची आठवण तीस वर्षे ताजी नसती तर तो जुळला नसता. अर्थात ‘शारदे’लाही एक मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. नाटकातले ते लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. मुलीला नवरा नको आहे एवढे कारण तिथेही पुरेसे ठरत नाही.

पुढे आठ वर्षांनी, १९०७ साली, खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आले. भर दरबारी अपमान झालेली सैरंध्री प्रेक्षकांनी पाहिली, त्यांचे रक्त तापले, मुठी आवळल्या गेल्या. पण कीचकाच्या ठिकाणी त्यांना लॉर्ड कर्झन दिसत होता आणि सैरंध्रीच्या ठिकाणी हिंदमाता. सरकारलाही तेच दिसले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. त्या काळी हे होणे योग्यच होते. परतंत्र देशाला त्या संतापाची गरज होती. तरी मनात एक विचार येऊन जातो. थिएटरभर माणसे एका बाईच्या विटंबनेने पेटून उठली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नजरेला ती बाई मात्र पडलीच नाही. ती देशाचे प्रतीक झाली, आणि प्रतीक झालेल्या बाईच्या पाठीवरचे वळ कुणी मोजत नाही.

द्रौपदीच्या मूळ कथेचेही आपण थोडेबहुत असेच केले आहे. द्यूतसभेचे आख्यान लावून कीर्तनकार रंगात आला की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर वस्त्रांचे ढीग उभे राहतात. भावाच्या बोटाला चिंधी बांधणाऱ्या बहिणीला भावाने लाखो वस्त्रे पुरविली, ही कथा गोड आहे. परंतु व्यासांच्या सभेत वस्त्रांच्या आधी एक प्रश्न आहे. स्वतःला हरून बसलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, असे द्रौपदी विचारते. त्या प्रश्नाला त्या सभेत उत्तर मिळत नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म मोकळे होतात. साऱ्या कौरवांत एक विकर्ण तेवढा उठून उभा राहतो आणि हा अन्याय आहे असे बोलून दाखवितो. कर्ण त्याला पोर म्हणून गप्प करतो. कीर्तनात श्रीकृष्णाला तासभर मिळतो. विकर्णाला दोन मिनिटे मिळाली तर पुष्कळ! कारण उघड आहे. कृष्णाची गोष्ट ऐकून आपल्याला काही करावे लागत नाही, देव येईल एवढी आशा पुरते. विकर्णाची गोष्ट ऐकली तर आपण त्या सभेत कोणत्या रांगेत बसलो होतो हे आठवावे लागते.

आता ‘एकच प्याला’कडे येऊ. १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आले ते गडकऱ्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांनी. बालगंधर्वांच्या सिंधूने पुढे वर्षानुवर्षे महाराष्ट्राला रडविले. श्रीमंत माहेरची ही मुलगी. वकील नवऱ्याची सनद जाते, तो दारूच्या आहारी जातो, घर धुऊन निघते. सिंधू भावाची मदत नाकारते, दळणे दळते, ठिगळाचे लुगडे नेसते. शेवटी नवऱ्याच्या हातून तान्हे मूल दगावते, ती स्वतः मरणाच्या दारी पोचते आणि जाता जाता देखील नवऱ्यावर ठपका येऊ देत नाही. त्या प्रवेशाला कोरड्या डोळ्यांनी बसलेला प्रेक्षक सापडणे कठीण. गडकऱ्यांचा रोख दारूवर होता, आणि दारूविरुद्ध त्या नाटकाने जे केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. त्यांच्या प्रतिभेपुढे माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराने मान लववावी हेच बरे. परंतु आपण जे रडलो ते कशासाठी रडलो, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे.

आपण सिंधू मार खाते म्हणून रडलो की ती इतक्या सुंदर रीतीने मार खाते म्हणून रडलो? हा प्रश्न कठोर आहे, पण टाळता येत नाही. याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. तिचाही नवरा दारुडा. ती फटकळ आहे, तोंडास तोंड देते, नवऱ्याला सोडून बोलायला कचरत नाही. प्रेक्षक तिच्या वाक्यांना हसतो, टाळ्याही देतो. पण घरी जाताना मनाच्या देव्हाऱ्यात बसवून नेतो ती सिंधूला. सून शोधताना त्याच्या डोळ्यांसमोर असते ती सिंधू. मुलीला सासरी धाडताना तो जो उपदेश करतो, तोही सिंधूच्याच तोंडचा शोभावा असा. अशा रीतीने आपण अश्रू गाळले आणि त्या अश्रूंच्या पाण्यावर सोसण्याचे झाड मात्र वाढविले. मारणाऱ्याचा हात थांबावा असे काही त्या रडण्यातून निघाले नाही. मार खाणारीने कसे वागावे याचा एक वस्तुपाठ तेवढा निघाला.

रडण्याचा आणखी एक गुण आहे. रडून माणूस मोकळा होतो. ‘मोकळा’ हा आपल्या भाषेतला शब्द मोठा मार्मिक आहे. दुःखातून मोकळा आणि जबाबदारीतूनही मोकळा. दोन तास परक्या बाईसाठी डोळे पुसले की आपले मन निर्मळ असल्याची खात्री पटते. मग वाड्याच्या मागच्या खोलीतून आलेला आवाज ऐकून आपण खिडकी लावून घेतली तरी मनाला टोचत नाही. मी ‘शारदा’ आणि ‘सिंधू’ शेजारी ठेवतो ते यासाठी. एकीने माणसाला बोट दाखवायला शिकविले, दुसरीने हात जोडायला शिकविले.

नाटकांची ही गोष्ट जुनी झाली असे कुणी म्हणेल. शाळेत शिकविणाऱ्या माणसाला ती जुनी वाटत नाही. स्नेहसंमेलनात मुले स्वतः बसवितात त्या प्रहसनांत एक पात्र वर्षांमागून वर्षे ठरलेले असते: झोकांड्या खाणारा दारुडा नवरा. तो बायकोवर हात उगारतो, बायको लाटणे घेऊन त्याच्या मागे धावते आणि मांडव हसून लोटपोट होतो. मुले हे कुठून शिकतात? सिनेमातून, मालिकांतून, फोनवर येणाऱ्या विनोदांतून. एका वर्षी तालमीच्या वेळी मी बाजूला उभा होतो. नवरा झालेल्या मुलाने हात उगारला, तशी बायको झालेल्या सातवीतल्या मुलीने डावा कोपर चटकन तोंडासमोर आडवा धरला आणि मान खांद्यात ओढून घेतली. हे तिला कुणी शिकविले नव्हते. बाकीची मुले हसत होती, मुलगीही दुसऱ्या क्षणी हसू लागली. मी ते प्रहसन बदलायला सांगितले आणि मुलांनी कुरकुरत बदलले. पण तो आडवा धरलेला कोपर पाहिल्यापासून ‘गंमत आहे हो, मनाला लावून घेऊ नका’ हे वाक्य मला कधी पटलेले नाही. प्रत्येक मांडवात ज्यांना ती गंमत नसते अशी काही माणसे बसलेलीच असतात.

किती असतात? हा अंदाजाचा विषय राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित बायकांपैकी दर १०० मागे सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून मारहाण अथवा जबरदस्ती झाल्याचे सांगितले. याच पाहणीत आणखी एक प्रश्न विचारला होता. न सांगता घराबाहेर पडणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासूसासऱ्यांचा मान न राखणे अशी काही कारणे देऊन, यांपैकी एखाद्या कारणासाठी नवऱ्याने मारले तर ते योग्य काय, असा तो प्रश्न होता. १०० पैकी सुमारे ४५ बायकांनी निदान एका कारणाला ‘हो’ म्हटले, आणि पुरुषांचे प्रमाणही जवळपास तेवढेच निघाले. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा भयंकर वाटतो. पहिला हाताचा आहे, दुसरा मनाचा. आणि अत्याचार सोसलेल्या बायकांपैकी कुणाची तरी मदत मागितली ती १०० त सुमारे १४ जणींनी. बाकीच्या पाऊस थांबण्याची वाट पाहत राहिल्या.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज येथे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले. त्यावर १९७९ साली कायदा शिकविणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याची जागा ८५ व्या कलमाने घेतली आहे. आणि त्याच १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आणले. ना झगमगीत पडदे, ना नामांकित नट. आपल्या ओळखीच्या लोककलांचे ढंग, समूहाने म्हटलेली गाणी, आणि बाईच्या जन्मापासून तिच्या वाट्याला काय काय येते याची हसतखेळत केलेली मांडणी. गावोगाव, चाळींतून, मैदानांतून त्याचे प्रयोग झाले. इथे ओवी जात्यावरून उठून चौकात आली. फरक चालीत पडला नाही. फरक पडला तो बैठकीत. पूर्वी म्हणणारी एकटी होती आणि ऐकणारा भिंतीपलीकडे निजलेला होता. आता म्हणणाऱ्या दहाजणी उभ्या होत्या आणि ऐकणारा समोर बसलेला होता. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्या तोंडाकडे पाहून बोलणे, यात सारे आले. शिवाय नाटक संपल्यावर जायचे कुठे, या प्रश्नालाही त्या संघटनेने उत्तर ठेवले. तिने सल्लाकेंद्रेही चालविली. जागे केलेल्या माणसाला दिवा हवा असतो. तो नसेल तर जागे करणे हा नुसता छळ होय.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. कलेने उपदेश करू नये. केला की ती कला राहत नाही आणि उपदेशही लागू पडत नाही. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादात फडके आणि खांडेकर यांच्या वाचकांच्या दोन पिढ्या रंगून गेल्या. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, आणि बोधाचे पान वाचक उलटून पुढे जातो हे मला चांगले ठाऊक आहे. पण इथे उपदेशाची मागणीच नाही. लोकरंजनाची कला आधीपासून काही तरी शिकवीतच असते. नायिकेने दहा वेळा ‘नाही’ म्हटल्यावरही नायक तिचा पाठलाग करतो आणि शेवटच्या गाण्यात ती लाजते, हा सिनेमा उपदेश करीत नाही काय? सासूच्या छळाने जीव गेलेल्या सुनेच्या चितेपाशी सारे पश्चात्तापाने रडतात, हा उपदेशच नव्हे काय? लेखकाने शिकवू नये हे खरे असेल, पण आपण काय शिकवीत आहोत हे त्याला ठाऊक असावे एवढे तरी मागायला हरकत नाही. १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’त शांताराम बापूंनी म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात कोंडलेली नीरा दाखविली. ती सोसत नाही आणि व्याख्यानही देत नाही, ती नाकारते. शांता आपट्यांच्या त्या ताठ मानेत जो बोध होता तो कोणत्याही संवादाहून मोठा होता, आणि तो चित्रपट लोकांनी उचलून धरला. तेव्हा लोकांना रडकेच आवडते हा समज लोकांवर अन्याय करणारा आहे.

मग जागे करणारी कला ओळखावी कशावरून? माझ्या मते एका खुणेवरून. ती शेजाऱ्याला रंगमंचावर आणते. मारणारा आणि मार खाणारी ही दोन पात्रे कुठल्याही गोष्टीत असतात. तिसरे पात्र असते आपण, आणि बहुतेक गोष्टी आपल्याला अंधारात खुर्चीवर बसवून ठेवतात.

२००८ साली ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेने दूरदर्शनसंचावर दाखविण्यासाठी ‘बेल बजाओ’ नावाच्या काही छोट्या जाहिराती केल्या. त्यांतली एक अशी: मुले क्रिकेट खेळत आहेत. जवळच्या घरातून पुरुषाचे ओरडणे आणि बाईचे कळवळणे ऐकू येते. एक मुलगा खेळ सोडून जातो, त्या घराची घंटी वाजवितो. नवरा दार उघडतो. मुलगा म्हणतो, आमचा चेंडू आत आला आहे का? चेंडू मुलांच्याच हातात असतो आणि ते नवऱ्यालाही दिसते. एवढेच. मारामारी नाही, भाषण नाही, पोलीस नाहीत, वळ दाखविलेले नाहीत. पण त्या क्षणी नवऱ्याला कळते की भिंतीला कान आहेत आणि त्या कानांना पायही आहेत. मिनिटाभरात पावसाचा माणूस झाला! आणि पाहणाऱ्याला रडायला वाव मिळाला नाही. त्याला एक साधे काम मिळाले. ही युक्ती आपल्या चाळी-वाड्यांत पूर्वीच्या एखाद्या धीट म्हातारीला ठाऊकच असणार. वाटीभर साखर मागायला जाण्याची वेळ ती बरोबर साधत असे. कलेने केले ते इतकेच की म्हातारीची युक्ती सगळ्यांची केली. कायदाही या शेजाऱ्याच्या पाठीशी आहे. २००५ साली संमत झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सांगतो की असा प्रकार घडतो आहे असे वाटणारा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळविणाऱ्यावर कसलेही बालंट येणार नाही. विकर्णाला आता कर्ण गप्प करू शकत नाही. तो स्वतः गप्प बसला तरच.

दुसरे उदाहरण २०१६ सालच्या ‘सैराट’चे. नागराज मंजुळ्यांच्या या चित्रपटाच्या गाण्यांवर थिएटरांतून पोरे नाचली, पडद्यावर नाणी उधळली गेली. गुळाची काहीच कमतरता नव्हती. आणि शेवटी जातीबाहेर लग्न केलेल्या आर्चीच्या दारात तिचा भाऊ येतो. आईने पाठविलेल्या भेटी घेऊन येतो. बहीण लगबगीने चहा ठेवते. त्यानंतर काय होते ते मराठी वाचकाला सांगायला नको. मला विशेष वाटते ते त्या भेटींचे. ओवीतला भाऊ, कीर्तनातला कृष्ण, ‘माहेरची साडी’सारखे १९९१ साली महाराष्ट्राला मनसोक्त रडविणारे चित्रपट, या सगळ्यांनी आपल्या मनात एक पक्के बसविले होते: सासर छळते आणि माहेर सावरते. मंजुळ्यांनी त्या माहेरच्या साडीवरच बोट ठेवले. त्यांनी शेवटी आवाज काढून घेतला, संगीत काढून घेतले, आणि रडून मोकळे होण्याची सोयही काढून घेतली. नाचत आलेली पोरे मान खाली घालून बाहेर पडली. त्यांतली किती बदलली हे मोजता येणार नाही. पण ‘मुलीने घराण्याची अब्रू घालविली’ असे वाक्य त्यानंतर उच्चारताना जीभ क्षणभर तरी अडखळली असेल.

एका सिनेमाने जग बदलत नाही हे मलाही कळते. ‘शारदा’ आणि सारडा कायदा यांच्यात तीस वर्षे गेली, आणि त्या कायद्यानंतरही बालविवाह थांबले नाहीत. कला कायद्याचे काम करू शकत नाही, पोलिसांचे नाही, आणि आईबापांचे तर मुळीच नाही. तिचे काम त्याहून लहान आणि त्याहून आधीचे आहे. जी गोष्ट पावसासारखी वाटत होती ती कुणाच्या तरी हाताने घडते आहे, आणि तो हात धरता येतो, एवढे तिने दाखवावे. पुढचे आपण करायचे.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय काढला म्हणून कुणी कपाळाला आठी घालील. पण हा विषय काढायला यापरता दुसरा दिवस कोणता? भाऊबीज दोन दिवसांवर आलेली असते. बहिणी माहेरी येतात, ताटात निरांजन लावतात, भावाला ओवाळतात. भाऊ ताटात पाकीट किंवा साडी ठेवतो. हा सण म्हणजे आपल्या साऱ्या लोककथांचा, ओव्यांचा आणि सिनेमांचा एका ताटात मांडलेला सारांश आहे. या वर्षी ओवाळणी घालताना भावाने निरांजनाच्या उजेडात बहिणीच्या तोंडाकडे जरा नीट पाहावे. हातातल्या बांगड्या एरवीपेक्षा वर, कोपरापर्यंत चढविल्या आहेत का, हाक मारली की ती दचकते का, ‘बरं चाललंय ना?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला तिला किती वेळ लागतो, हे पाहावे. आणि ती काही बोललीच, तर ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही दुसरी म्हण तिच्या तोंडावर मारू नये. ‘ताई, हे घर तुझेच आहे, आणि मी तुझ्याबरोबर येतो’ एवढे म्हणावे, आणि म्हटल्याप्रमाणे जावे. बहीण नसेल त्याने शेजारच्या घराची घंटी वाजवावी; १८१ हा मदतीचा क्रमांक पाठ करून ठेवावा.

म्हणी लोकांनी केल्या, लोकच त्या मोडतात. पावसाने झोडपले तर दाद कुणाकडे मागावी हे मला अजूनही सांगता येणार नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाचे उत्तर मात्र भिंतीपलीकडे राहते, आणि त्याला सगळे ऐकू येत असते.